फिट देवाच्या कोपानं आली नाही, मावशी

'माझा मुलगा ३४ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला जातो. लग्नाआधी मित्रांबरोबर कधीमधी घ्यायचा, आता चार-पाच वर्षं रोज लागते. हल्ली सकाळी हात इतके थरथरतात की कपबशी धरता येत नाही, चहा बशीत सांडतो. दोन घोट पोटात गेले की हात थांबतात, मग कामावर जातो. चैत्रात जोतिबाला जाऊन गुलाल हातात घेऊन शपथ घेतली आणि एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोठ्यासमोर फिट येऊन पडला, जीभ चावली. लोक म्हणाले, शपथ मोडायचं मनात आलं असणार, देवानं दाखवलं. तेव्हापासून म्हणतो, सोडली तर मी मरतो. सून सहा वर्षांच्या नातवाला घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेली.

नणंदेनं एक पावडर आणून दिलीय. चव नाही, वास नाही, आमटीत घाल म्हणते. दीर म्हणतात एक केंद्र आहे, पहाटे गाडी येते, चार माणसं उचलून नेतात, सहा महिने ठेवतात, फोन पण करू देत नाहीत. उसाचं बिल जमा झालं की पैसे भरायचे असं ठरलंय. दुधाचं बिल तर त्याच्या उधारीतच जातं. कामावर गेला नाही की सुपरवायझरला मीच फोन करून ताप आलाय म्हणून सांगते. मागच्या आठवड्यात पिऊन आला आणि म्हणाला, मी मेलो म्हणजे तुम्हा सगळ्यांची सुटका. मला झोप नाही. माझ्या लाडानं बिघडला असं सगळे म्हणतात. काय करू?'
– एक आई, करवीर तालुका

मावशी,

आधी गोठ्यात जा. फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध, जे काही असेल ते सगळं घरातून हलवा. शेजारी किंवा भावकीत ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याच्या घरी कुलपात ठेवा आणि किल्ली तिथंच राहू द्या. पुढचं पत्र त्यानंतर वाचा.

'मेलो म्हणजे सुटका' हे तो पिऊन बोलला, म्हणून ते वाऱ्यावर सोडू नका. प्यालेल्या माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो आणि जे शुद्धीत नुसतं मनात घोळतं ते त्या अवस्थेत हातून होऊन जातं. आपल्याकडे शेतीघरात विष हाताशी असतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत बाटली हाताला लागली नाही, तर कितीतरी जीव वाचतात. तो शुद्धीवर असताना त्याला सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का रे?' असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती बाळगू नका. उलट कोणीतरी विचारलं यानंच माणूस मोकळा होतो. 'येतो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन आहे. २०२२ सालापासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. त्याच्यासाठी लावा, तुमच्यासाठीही लावा.

आता त्या फिटबद्दल. यावर मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या घरातलं सगळं पुढचं त्या एका संध्याकाळी अडकून बसलंय.

जोतिबानं त्याला काहीही केलेलं नाही. ती फिट दारू एकदम थांबवल्यामुळं आली. दारू मेंदूला मंदावते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. मग एक दिवस दारू बंद होते, पण मेंदूचा जोर तसाच सुरू राहतो. खासबागेत दोन पैलवान एकमेकांच्या खांद्याला खांदा देऊन रेटत असतात आणि त्यातला एक झटक्यात बाजूला झाला, तर दुसरा आपल्याच जोरानं तोंडावर आपटतो. तुमच्या मुलाचं तसंच झालं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते. म्हणूनच रात्रभर झोपून उठला की सकाळी कपबशी धरता येत नाही. फिट बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते. त्याला दुसऱ्या दिवशी आली. याहून मोठा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत असतो: माणूस बरळायला लागतो, अंगावर किडे चालतात म्हणून झटकतो, भिंतीवर नसलेलं काहीतरी बघतो, घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. गावात त्याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि अंगारा लावायला नेतात. त्यात वेळ जातो आणि माणूस दगावू शकतो.

तेव्हा 'सोडली तर मी मरतो' असं तो म्हणतो त्याला नुसता बहाणा समजू नका. त्याच्या अंगावरून गेलंय ते. त्याला फक्त हे कोणी सांगितलेलं नाही की औषध चालू ठेवून, डॉक्टरच्या नजरेखाली सोडली तर ही फिट टाळता येते. साधारण आठवडाभर गोळ्या देतात, सुरुवातीला जास्त, मग रोज थोड्या कमी करत बंद करतात. बरोबर ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या अंगात ते बऱ्याचदा फार कमी उरलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्याला एकदा अशी फिट येऊन गेलीय त्याला ती पुन्हा यायचा धोका जास्त, म्हणून तुमच्या मुलाची दारू ॲडमिट करूनच सोडवावी लागेल असं मला वाटतं. ते डॉक्टर तपासून ठरवतील. मेडिकलमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणून घरी प्रयोग करू नका. दारू आणि त्या गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर श्वास थांबू शकतो.

आणि एक आई म्हणून तुम्हाला हे ऐकायला जड जाईल, तरी सांगते: डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत त्याला पुन्हा शपथ घालू नका, खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. मध्येच फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. बरळायला लागला तरीही १०८.

नणंदेची पावडर आमटीत घालू नका. घातली असेल तर आजपासून बंद करा आणि डॉक्टरला पाकिटासकट सांगा. त्या पाकिटात काय आहे हे नणंदेलाही माहीत नाही, विकणाऱ्यालाही बहुधा नाही. अशा चोरून द्यायच्या औषधांमध्ये डायसल्फिराम असू शकतं. हे खरं औषध आहे, मानसोपचार तज्ज्ञ ते देतातही, पण माणसाला समोर बसवून, त्याच्या संमतीनं, हृदय आणि लिव्हर तपासून आणि शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावर. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, ओकारी होते, छातीत धडधड होते, बीपी खाली जातं. माणूस मरूही शकतो. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीनं पीत नाही, आणि त्या औषधाचा सगळा उपयोग त्या माहीत असण्यातच आहे. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा कोपऱ्यावर जाऊन क्वार्टर घेणार आणि रस्त्यात पडणार. शिवाय तुम्ही वाढलेल्या ताटावरचा त्याचा विश्वास एकदा गेला की पुढं औषधाच्या साध्या गोळीलाही तो हात लावणार नाही. नणंदेनं मायेपोटी आणली, तिच्याशी भांडू नका. डॉक्टरनं नको म्हटलंय असं सांगा.

दिरांच्या गाडीला माझा ठाम नकार आहे. पहाटे चार माणसं घरात शिरून झोपलेल्याला उचलतात, दारू एका फटक्यात बंद होते, तिथं डॉक्टर असेल की नाही ठाऊक नाही, आणि तुमच्या मुलाला आधी फिट येऊन गेलेली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथं काय होईल याचा विचार करा. फोन का करू देत नाहीत, हाही प्रश्न दिरांनी विचारायला हवा होता. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आणि दारूशी जोडलेले मानसिक आजार त्यात येतात. असे उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई आहे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर घरच्यांच्या अर्जावर दाखल करता येतं, पण त्याला मानसोपचार तज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळं तपासून तसं ठरवावं लागतं आणि पहिल्यांदा ती मुदत ३० दिवसांपर्यंतचीच असते. 'सहा महिने ठेवू, फोन करायचा नाही' याला या कायद्यात जागा नाही.

चांगली केंद्रं नाहीत असं माझं म्हणणं नाही. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, तिथून बाहेर पडून आज संसार करणारी माणसं महाराष्ट्रभर आहेत. तिथं रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिकवतात. कुठलंही केंद्र पसंत करण्याआधी दिरांना घेऊन स्वतः जाऊन बघा. नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कोण, कधी येतात, रात्री काही झालं तर कुठं नेणार, भेटायला कधी यायचं हे विचारा. मारहाणीचा नुसता वास आला तरी माघारी फिरा. उसाचं बिल तोवर बँकेतच राहू दे.

सुरुवात सीपीआरपासून, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापासून करा. दसरा चौकापासून जवळ आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग विचारा. 'वेड्याचा डॉक्टर' म्हणून तो अंग चोरेल. तेव्हा म्हणा, हात का कापतात आणि फिट का आली ते विचारायला जाऊ, बाकी काही नाही. हे खोटंही नाही. तुमच्यासारखीच अडलेली घरं किती आहेत याचा अंदाज यावा म्हणून सांगते: केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली एक मोठी पाहणी २०१९ मध्ये आली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागं जेमतेम एकालाच कसलातरी उपचार मिळतो असं त्यात दिसलं. बाकीची सगळी घरं तुमच्यासारखीच शपथ, पावडर आणि गाडी यांच्यातच फिरत राहतात. कुठं जायचं हे विचारायला व्यसनमुक्तीचा १४४४६ हा सरकारी फोनही आहे.

तो यायला नाही म्हणाला तर? पहिल्या वेळी बहुधा म्हणेलच. रात्री पिऊन आल्यावर बोलू नका, त्या वेळी झालेलं भांडण त्याला सकाळी आठवत नाही आणि तुमची रात्र मात्र जाते. सुट्टीच्या दिवशी जेव्हा तो त्यातल्या त्यात शुद्धीत असतो तेव्हा, भावकी गोळा न करता, एकट्यानं बोला. मागच्या पाच वर्षांचा हिशेब काढू नका. एवढंच म्हणा: 'सकाळी तुझे हात कापतात ते मी रोज बघते. तुला फिट आली त्या दिवसापासून मला झोप लागलेली नाही. त्याला औषध आहे. सोमवारी माझ्याबरोबर सीपीआरला चल, केसपेपर मी काढते.' नाही म्हणाला तर वाद न घालता उठा आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा हेच म्हणा. पगाराचा खाडा पडला, सायकलवरून पडला, नातवाचा फोन येऊन गेला आणि तो हळवा झाला, अशा वेळी माणूस लवकर 'हो' म्हणतो. ती वेळ ओळखून तयार राहा. आणि तो न पिता घरी थांबेल त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, आवडीचं करून घाला. पिऊन आला की ताट झाकून ठेवा आणि तुम्ही आपल्या खोलीत जा. वाईट वागणं म्हणून करू नका, शांतपणे करा. कधी अंगावर धावून आला तर शेजारी जा आणि ११२ लावा. आईनं पोरावर पोलीस बोलावले म्हणून कोणी काही बोललं तरी.

उधारीचं मात्र आता थांबवायला हवं. पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीत दूध घालायचं, आणि बिल हातात आलं की ते दुकानात नेऊन द्यायचं. मावशी, त्याची दारू तुमच्या म्हशी पुरवतायत. दुकानदाराला एकदा जाऊन सांगा, यापुढं याची उधारी मी भरणार नाही. तो तुमच्या नावावर देणं बंद करेल. यानं मुलगा चिडेल, घरातली भांडीकुंडी विकेल अशी भीती असेल तर डबा आणि पासबुक दिरांकडे ठेवा. सुपरवायझरला ताप आल्याचा फोनही बंद करा. तुम्ही खोटं बोलून त्याची नोकरी राखताय असं वाटतं, पण त्यामुळं दारूमुळं काय काय हातचं जातंय हे त्याला कधी दिसतच नाही. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा कापत असतील तर ते कार्ड सीपीआरला जाताना बरोबर घ्या. उपचारासाठी डॉक्टरनं आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं तर रजेच्या काळात काही पैसे मिळू शकतात, कंपनीत विचारा. नोकरी राखायचा तो खरा रस्ता आहे.

सुनेला 'तू आलीस तर तो सुधारेल' म्हणून बोलवू नका. ती आली म्हणून तो सुधारणार नाही, आणि मग न सुधारल्याचं खापरही तिच्याच डोक्यावर फुटेल. लेकराला घेऊन ती बाजूला झाली, त्यात तिनं काही वावगं केलेलं नाही. अधूनमधून फोन करा, तिची विचारपूस करा, उपचार सुरू झाले की तिलाच आधी कळवा. नातवाला सांगा की बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळं झालेला नाही. सहा वर्षांच्या पोरांना मनातून तसंच वाटत असतं.

ॲडमिट होऊन परत आला म्हणजे संपलं असं गाव म्हणेल. आठवडाभरात अंगातली दारू जाते, तलफ महिनोन् महिने राहते. ती कमी करणारी औषधं आहेत, ती ठरल्याप्रमाणं घ्यावी लागतात. मन उदास राहात असेल तर त्याची वेगळी तपासणी दारू सुटून दोन-चार आठवडे झाल्यावर नीट होते. पगाराचा दिवस, गावची यात्रा, गटारी, मित्रांचं 'नुसता बसायला ये', यात घसरायचे प्रसंग आधीपासून ठरलेले आहेत. त्या दिवशी कुठं जायचं ते आधीच ठरवा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा फुकट असतात, तिथं त्याच्यासारखीच माणसं भेटतात. गळ्यात माळ घालायची त्याची इच्छा असेल तर जरूर घालू दे, भजनाला जाऊ दे, संध्याकाळ भरून निघते. फक्त माळ औषधाच्या जोडीला असू दे. आणि मध्ये एखाद्या वेळी प्यायलाच, तर 'सगळं पाण्यात गेलं' म्हणून रडत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात न्या. साखरेच्या रुग्णाची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही.

लाडानं बिघडला म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. त्याच गल्लीत लाडात वाढलेली, दारूला न शिवलेली पोरंही असतील आणि मार खाऊन वाढलेली पिणारीही असतील. रक्तातला वारसा, मनावरचा ताण, भट्टीसमोरचं काम, संगत, हाताशी मिळणारी बाटली, असं कितीतरी मिळून हे होतं. तुमचं लाड करणं यात शोधूनही सापडायचं नाही. उधारी भरणं सापडेल, आणि ते आजपासून थांबवता येतं.

शेवटची गोष्ट. तो तयार होवो न होवो, तुम्ही या आठवड्यात एकट्या जरी सीपीआरला गेलात तरी चालेल. पिणारा आला नाही तरी घरच्यांना सल्ला देतात. तुमचा स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा. झोप किती दिवसांपासून नाही, जेवण जातं का, छाती धडधडते का, बीपी मोजलंय का हे तुमचं म्हणून सांगा. आणि डॉक्टरला मुलाचं सांगताना तीन गोष्टी विसरू नका: रोज साधारण किती पितो, फिट कधी आणि दारू बंद केल्यापासून किती वेळानं आली, आणि मरणाबद्दल तो काय बोलला. कागदावर लिहून न्या. तिथं रांगेत उभं राहिलं की आठवत नाही.